महाराजांचा खटला आणि आपलं गाव

1862 सालच्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक दावा सुनावणीला आला. वादी होते जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज, वल्लभ संप्रदायातल्या एका गादीचे गुरू. ते सुरतेहून मुंबईला आले होते आणि भाटिया, बनिया अशा श्रीमंत व्यापारी घरांत त्यांचा शब्द झेलला जात होता. प्रतिवादी दोन. 'सत्यप्रकाश' या गुजराती साप्ताहिकाचे संपादक करसनदास मुळजी आणि ते छापणारे नानाभाई रुस्तमजी राणीना. महाराज लोक धर्माच्या नावावर भक्तांच्या लेकीसुना नासवतात, असं करसनदासांनी 1860 साली नाव घेऊन लिहिलं होतं. महाराजांनी अब्रूनुकसानीचे 50,000 रुपये मागितले.

'महाराज लायबल केस' म्हणून हा खटला ओळखला जातो. पुढच्या पानांत त्याची हकीकत आहे, आणि शेवटच्या भागात आजचे कायदे सोप्या मराठीत दिले आहेत. हे पुस्तक हातकणंगले तालुक्यातल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. देवस्थानांचे विश्वस्त, मंडळाची पोरं, शिक्षक, बचत गटातल्या बायका, भजनाला बसणारी म्हातारी माणसं यांच्या हातात ते पडावं अशी इच्छा आहे. मुंबईतल्या गुजराती व्यापाऱ्यांचं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं प्रकरण आम्ही कशाला वाचायचं, असं कुणीही विचारील. माझं उत्तर असं की गुरूनं काय केलं याच्या हकिकती पुष्कळ सापडतात. गुरूच्या भोवतीच्या माणसांनी काय केलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुणी कुणाचं तोंड दाबलं, हे मात्र या खटल्याइतकं उघडपणे कागदावर क्वचितच आलं आहे. आणि ते वाचताना आपल्याच गावच्या पारावर बसल्यासारखं वाटतं.

आपला तालुका श्रद्धेचा आहे. कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आहे, आळत्याचं रामलिंग आहे, गावोगावी विठ्ठलमंदिरं, मठ, दर्गे आहेत. आषाढीला दिंड्या निघतात, चातुर्मासात प्रवचनं होतात, उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं एका रांगेत उभी राहतात. मी स्वतः माळकरी घरातला. यातल्या कुठल्याही ठिकाणाकडे बोट दाखवायला हे लिहिलेलं नाही. पण जिथं माणसं डोळे मिटून डोकं टेकवतात, तिथं एखाद्यानं त्या मिटल्या डोळ्यांचा फायदा घेतला तर गाव काय करतं, हा प्रश्न श्रद्धाळू माणसालाच जास्त पडायला हवा. ज्याची कशावर श्रद्धाच नाही त्याचं यात जायचं काय आहे? घर आपलं जळतं.

आता मूळ हकिकतीकडे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. करसनदासांनी काही नवं उघडकीला आणलं नव्हतं. जे चाललं होतं ते समाजाला ठाऊक होतं. संप्रदायात दीक्षा घेताना भक्त तन, मन, धन देवाला अर्पण करतो. गुरू हे कृष्णाचंच रूप मानलं जात असल्यामुळे देवाला वाहिलेलं गुरूला पोचतं, असा अर्थ या महाराजांनी लावला आणि त्यात भक्तांच्या बायकामुलीही धरल्या. पुरुषमंडळी आपसांत कुजबुजत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दर्शनाला जात.

या कुजबुजीवर समाजानं पहिला उपाय काय केला, तर 1855 साली भाटिया ज्ञातीनं बैठक घेऊन ठरवलं की बायकांनी ठराविक वेळीच मंदिरात जावं, म्हणजे महाराज जेव्हा पूजेत गुंतलेले असतील तेव्हाच. हा ठराव मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तो करणारी माणसं वाईट नव्हती. आपल्या घरच्या बायकांची त्यांना काळजी होती, म्हणून तर बैठक बसली. पण महाराजांना जाब विचारायचा, गादीवरून खाली उतरवायचं, निदान त्यांच्याकडे जाणंयेणं बंद करायचं, यातलं काही त्यांना सुचलं नाही. सुचलं ते एवढंच की बायकांच्या वेळा बदलाव्यात. ज्याच्यापासून धोका होता त्याच्या दिनक्रमाला धक्का लागला नाही. आज एखाद्या गावात कुणा बाबाबद्दल कानावर आलं की आई मुलीला म्हणते, "तू एकटी जाऊ नको तिकडं." बापाचा उपाय तोच, चुलत्याचा तोच. मुलीचा रस्ता बदलतो, बाबाचा मुक्काम हलत नाही. मुलीनं काळजी घ्यावी हे खरं, पण गावाची सगळी हुशारी तिथंच संपते याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी पायरी आणखी बोलकी आहे. वृत्तपत्रांतून टीका वाढली आणि कोर्टात जबाब द्यायला बोलावणी येतील अशी भीती वाटू लागली, तेव्हा जीवनलालजी नावाच्या महाराजांनी भक्तांकडून एक लेखी करार मागितला. महाराजांना कोर्टात यावं लागू नये यासाठी भक्तांनी पैसा उभा करावा, झटावं, आणि महाराजांविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला ज्ञातीबाहेर टाकावं, असा त्याचा आशय. सह्या मिळेनात तेव्हा मंदिराची दारं बंद झाली. दर्शनाशिवाय अन्नाला न शिवणारी माणसं उपाशी राहू लागली. घरातल्या म्हाताऱ्या, बायका, पोरं उपाशी बसल्यावर कर्ता पुरुष किती दिवस तग धरणार? सह्या झाल्या. करसनदासांनी 'सत्यप्रकाशा'त या कराराला गुलामीखत म्हटलं आणि तेच नाव त्याला कायमचं चिकटलं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण बाहेरून बघणारा माणूस अशा भक्तांना सरळ मूर्ख म्हणून मोकळा होतो. ते मूर्ख नव्हते. मुंबईचा कापसाचा व्यापार पेलणारी, जहाजांचे हिशेब तोंडपाठ असणारी ती माणसं होती. पण त्यांचं सगळं जगणं त्या एका दाराला बांधलेलं होतं. सोयरिकी तिथं जुळायच्या, पेढीची पत त्या ओळखीवर चालायची, मेल्यावर खांदा द्यायला येणारी माणसं तीच. गुरू नाकारायचा म्हणजे एक माणूस नाकारायचा नव्हता, भोवतीचं सगळं गणगोत नाकारायचं होतं. गावात राहणाऱ्याला हे उलगडून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही मठाच्या, मंडळाच्या, समाजाच्या कार्यालयात लग्नं होतात, अडीअडचणीला तिथूनच मदत मिळते, निवडणुकीचं गणितही तिथंच बसतं. त्यामुळे तक्रार घेऊन उभं राहणाऱ्या घराला एका अत्याचाऱ्याशी नव्हे, अख्ख्या भावकीशी झगडावं लागतं.

दावा दाखल झाल्यावर तर हे सगळं उघड्यावरच आलं. 1861 च्या सप्टेंबरात भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी बैठक घेतली. ज्ञातीतल्या कुणीही महाराजांच्या विरुद्ध साक्ष द्यायची नाही, जो देईल त्याला वाळीत टाकायचं, असं ठरलं. करसनदासांनी हेही कोर्टात नेलं. साक्षीदारांना अडवण्याचा कट केल्याबद्दल पुढारी दोषी ठरले. दोन म्होरक्यांना एकेक हजार रुपये आणि बाकीच्यांना पाचपाचशे रुपये दंड झाला. मूळ खटल्याच्या आधीच निकाली निघालेलं हे प्रकरण 'भाटिया कॉन्स्पिरसी केस' म्हणून नोंदलं गेलं आहे. माझ्या मते मुख्य खटल्याइतकंच त्याचं मोल आहे, कारण साक्षीदाराचं तोंड बंद करणं हाही गुन्हाच, असं त्यानं गावकीच्या पुढाऱ्यांना तोंडावर सांगितलं. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला 2016 साल उजाडलं आणि तो 2017 साली लागू झाला. वाळीत टाकणाऱ्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हा कायदा जातपंचायतींसाठी आहे असं समजून आपण तो बाजूला ठेवतो. पीडित मुलीच्या घरचं हळदीकुंकू बंद करणाऱ्या, दळण नाकारणाऱ्या, तिच्या भावाला मंडळातून काढणाऱ्या गावालाही तो लागू पडू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

तरीही साक्षीदार आले. मथुरादास लवजी आले, लखमीदास खिमजी आले. दोघेही भाटिया, दोघेही त्याच संप्रदायात वाढलेले. आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं, ते त्यांनी भर कोर्टात सांगितलं. पाद्री जॉन विल्सन यांनी धर्मग्रंथांचे जाणकार म्हणून साक्ष दिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही साक्ष झाली. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे भाऊ दाजी, मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्या काळात मोठ्या माणसाच्या आजाराबद्दल असं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. पण माझ्या मनात भाऊ दाजींपेक्षा मथुरादास आणि लखमीदास यांची जागा वरची आहे. डॉक्टर संध्याकाळी घरी गेले तेव्हा त्यांचं घर जागेवर होतं. या दोघांना परतायचं होतं त्याच गल्लीत, त्याच ज्ञातीत, जिथं त्यांच्याविरुद्ध बैठका बसल्या होत्या.

म्हणून हा खटला श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा वाचू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. करसनदास स्वतः वैष्णव घरातले होते. त्यांच्या त्या लेखाचा विषयच हिंदूंचा मूळ धर्म आणि सध्याचे पाखंडी पंथ असा होता. धर्म टाका असं ते म्हणत नव्हते, धर्माच्या आडून हे चालतंय ते थांबवा असं म्हणत होते. भांडण श्रद्धावंतांच्या आतलं होतं. जिथं जिथं अशा प्रकरणांत काही हललं आहे, तिथं आतलं कुणीतरी उभं राहिलं आहे. 2002 साली सिरसाच्या डेरा सच्चा सौदातल्या एका साध्वीनं आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं. ते छापणारे पत्रकार रामचंदर छत्रपती यांच्यावर त्याच वर्षी गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते गेले. ज्याच्याविरुद्ध ते पत्र होतं तो डेराप्रमुख गुरमीत राम रहीम दोषी ठरायला 2017 चा ऑगस्ट उजाडला, आणि निकालाच्या दिवशी पंचकुला आणि आसपास उसळलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसं मेली. केरळात 2018 साली एका ननच्या तक्रारीवर कारवाई व्हावी म्हणून तिच्या मठातल्या नन कोचीच्या रस्त्यावर धरणं धरून बसल्या. ज्या बिशपांविरुद्ध ती तक्रार होती ते 2022 साली कोट्टायमच्या कोर्टात निर्दोष सुटले. निकाल काय लागायचा तो कोर्टात लागतो. पण आपल्या बहिणीचं म्हणणं ऐकून घेतलं जावं, यासाठी चर्चवर श्रद्धा असलेल्या बायका चर्चच्याच वरिष्ठांविरुद्ध बसल्या, ही गोष्ट निकालानं पुसली जात नाही.

1862 च्या 22 एप्रिलला निकाल लागला. करसनदास जिंकले. 11,500 रुपये खर्च त्यांना मिळाला. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकालपत्रात करसनदासांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि जे नीतीनं वाईट ते धर्माच्या नावानं चांगलं ठरू शकत नाही, अशा अर्थाचं मत नोंदवलं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते.

माझ्या दृष्टीनं तिचा सगळ्यात जड भाग इथून पुढे आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या बायकांपैकी एकीचीही साक्ष त्या खटल्यात नाही. संपादक बोलले, व्यापारी बोलले, डॉक्टर बोलले, पाद्री बोलले, वकील दिवसचे दिवस बोलले. बायकांबद्दल सगळे बोलले. सुधारकांना त्या भोळ्या आणि फसवल्या गेलेल्या वाटल्या, महाराजांच्या बाजूला त्या भक्तिणी वाटल्या. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं, कुणी धाकानं गेली, कुणाला सासूनंच पाठवलं, कुणी घरी येऊन सांगितलं आणि मार खाल्ला, हे आता कधीच कळणार नाही. खटला अब्रूचा होता. महाराजांची अब्रू, करसनदासांची अब्रू, ज्ञातीची अब्रू. बायकांवर झालेल्या अन्यायाचा म्हणून कुठलाही खटला उभा राहिला नाही.

आपल्याकडेही पहिली हाक अब्रूचीच येते. गावात असं काही कानावर आलं की जी वाक्यं ऐकू येतात ती सगळ्यांना पाठ आहेत. "महाराज असं करतील व्हय?" "पोरगीच तसली असंल." "झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला वाढवायचं?" "तिचं लगीन व्हायचंय अजून." "बसून मिटवू या, गावाचं नाव जातंय." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात समंजस वाटतं आणि तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. तंटामुक्तीच्या मोहिमेनं 2007 पासून गावातले बांधाचे, पाण्याचे, भावाभावांचे वाद गावातच मिटवायची चांगली सवय लावली. पण लहान मुलीवरचा अत्याचार हा तंटा नाही. तो चार पंचांनी बसून, माफीनामा लिहून घेऊन, देवळाला देणगी देऊन मिटवता येत नाही. मिटवणारा स्वतः अडकतो. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर असा गुन्हा झाल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. विश्वस्ताला, पुजाऱ्याला, शिक्षकाला, शेजाऱ्याला, कुणाही मोठ्या माणसाला त्यातून सूट नाही. आणि गुन्हेगार धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातला किंवा सेवेतला असेल तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर धरतो. ज्याच्या हाती विश्वासानं मूल सोपवलं त्यानं केलेला घात मोठाच, हे कायद्याला कळलं आहे.

या जिल्ह्याच्या वाचकाला आणखी एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. आपल्या भागात मुलींना देवदासी म्हणून यल्लम्माला सोडत होते. एखादीच्या केसात जट दिसली की घरचे घाबरायचे, देवीचं बोलावणं आलं म्हणायचे, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची माळ, बांधायचे, आणि त्या दिवसापासून त्या पोरीवर कुणाचीही नजर चालायची. तिथं तर लपवाछपवीही नव्हती. गाव वाजतगाजत ते करायचं. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली कोल्हापूर संस्थानात या चालीला कायद्यानं बंदी केली. तरी ती चालूच राहिली, आणि 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली तेव्हा त्या बायका पहिल्यांदा आपलं आपण बोलू लागल्या. बंदीनंतर पंचावन्न वर्षांनी. कायदा राजानं केला होता, सुधारक अनेक होते. खरी सुरुवात झाली ती जटा असलेल्या बायका चार लोकांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा. मुंबईच्या खटल्यात नेमकी हीच जागा रिकामी राहिली होती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं रान उठवलं, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली त्यांच्या खुनानंतर आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून, किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून, किंवा मूल होण्याचं आश्वासन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि जामीन सहज मिळत नाही. हे कलम वाचताना कुणालाही कळावं की ते कल्पनेनं लिहिलेलं नाही. प्रत्येक वाक्यामागे कुठल्यातरी घरातली बाई आहे. हा कायदा देवाविरुद्ध आहे, वारीविरुद्ध आहे अशी भीती तेव्हा घातली गेली होती. इतक्या वर्षांत वारी थांबली नाही, नवस थांबले नाहीत, कीर्तनं थांबली नाहीत.

हे पुस्तक वाचून एखाद्या मंडळात बोलणं सुरू झालं, तर वाद होतील. कुणी म्हणेल खोट्या तक्रारीही होतात. खरं-खोटं ठरवायला तपास आहे, कोर्ट आहे. गावानं फक्त तपासाच्या आड यायचं नाही. कुणी म्हणेल गुरूशिवाय संप्रदाय कसा चालेल. वल्लभ संप्रदाय त्या खटल्यानंतरही चालला, आजही त्याची लाखो माणसं मनोभावे सेवा करतात. त्यांची भक्ती एका महाराजाच्या अब्रूवर उभी नव्हती. करसनदासांना मात्र हे सोपं गेलं नाही. पुढच्याच वर्षी ते विलायतेला गेले, त्या निमित्तानं त्यांना ज्ञातीबाहेर टाकलं गेलं, आणि 1871 साली, चाळिशीही गाठायच्या आत, ते वारले.

शेवटच्या भागातल्या काही व्यवहाराच्या गोष्टी. तक्रार हातकणंगल्याच्याच पोलीस ठाण्यात द्यावी लागते असं नाही. गावात दबाव असेल, ठाण्यात ओळखीपाळखी असतील, तर कोल्हापूरला, इचलकरंजीला, सांगलीला, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो आणि मग तो इकडे वर्ग होतो. पीडित मूल असेल तर त्याला रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि त्या वेळी आईबाप किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं माणूस सोबत असू शकतं. मुलीचं नाव, घर, शाळा कुठेही छापता किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवता येत नाही. तसं करणं हाही गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर मुलं स्वतः लावू शकतात, त्याला पैसे पडत नाहीत. शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला कुठल्याही विश्वस्त मंडळाच्या ठरावाची गरज नाही. रंगाचा एक डबा आणि अर्धा दिवस पुरे.

हातकणंगले, जि. कोल्हापूर